सीडी४ वाढवणाऱ्या औषधांच्या चाचण्या: एचआयव्हीसह जगणाऱ्यांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न एचआयव्हीसह जगणारे लोक, त्यांचे घरचे आणि एआरटी (एचआयव्हीला दाबून ठेवणाऱ्या रोजच्या गोळ्या) केंद्रांवरचे समुपदेशक सतत पाठवत असतात. बरीचशी उत्तरं इंटरल्युकिन-२ या औषधाभोवती फिरतात. प्रतिकारशक्ती वाढवणाऱ्या उपचाराची हजारो लोकांमध्ये, सात-आठ वर्षं पाठपुरावा करून झालेली चाचणी याच औषधाची आहे आणि तिच्या निकालातून शिकण्यासारखं अजून संपलेलं नाही. सीडी४ म्हणजे प्रतिकारशक्तीचं काम चालवणाऱ्या पांढऱ्या पेशी; त्यांचा आकडा म्हणजे रक्ताच्या एका घनमिलिमीटरमध्ये त्या किती आहेत. खाली 'चाचणी' म्हणजे औषधाची माणसांवरची चाचणी आणि 'तपासणी' म्हणजे रक्ताची तपासणी, असा फरक ठेवला आहे.

१. एआरटीनेही सीडी४ वाढतात. मग 'प्रतिकारशक्ती वाढवणारा उपचार' वेगळा कसा?

एआरटी विषाणूची वाढ रोखते. विषाणू दबला की सीडी४ पेशी मरणं थांबतं आणि शरीर आपली तूट आपणच भरून काढतं. प्रतिकारशक्ती वाढवणारा उपचार मात्र विषाणूला हात लावत नाही. तो थेट पेशींना 'वाढा, टिका, जाग्या व्हा' असा संदेश देतो. इंटरल्युकिन-२, ७ आणि १५ यांसारखे संदेशवाहक रेणू, आजार झाल्यावर देण्याच्या लसी आणि कर्करोगात वापरली जाणारी, पेशींवरचा ब्रेक काढणारी अँटीबॉडी, असे त्याचे मुख्य प्रकार आहेत. यातला एकही प्रकार एआरटीची जागा घेत नाही. एआरटी थांबवून काय होतं, ते प्रश्न ८ आणि १८ मध्ये आहे.

२. इंटरल्युकिन-२ म्हणजे काय? त्याच्याकडून एवढी आशा का होती?

टी पेशी (सीडी४ याच कुळातल्या) एकमेकींना वाढायला सांगतात तो हा रेणू. १९७६ मध्ये अमेरिकेतल्या रॉबर्ट गॅलो यांच्या प्रयोगशाळेत तो 'टी पेशींचा वाढघटक' म्हणून सापडला. पुढे एचआयव्हीच्या शोधातही हीच प्रयोगशाळा होती. टी पेशी प्रयोगशाळेत दीर्घकाळ वाढवता येऊ लागल्या त्या याच रेणूमुळे. त्याचं कारखान्यात बनवलेलं रूप अल्डेसल्युकिन (व्यापारी नाव प्रोल्युकिन) हे १९९२ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं, ते शरीरात पसरलेल्या मूत्रपिंडाच्या कर्करोगासाठी.

एचआयव्हीत आशा वाढवली ती १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या चाचणीने. तिच्यात ६० जण होते. औषध मिळालेल्या गटाचे सरासरी सीडी४ वर्षभरात ४२८ वरून ९१६ वर गेले, तर न मिळालेल्या गटाचे ४०६ वरून ३४९ वर घसरले. त्या काळी एआरटी आजच्याइतकी प्रभावी नव्हती. असे आकडे पाहून डॉक्टर आणि रुग्ण दोघांच्याही मनात उभारी आली असेल, तर त्यात चूक नव्हती.

३. सीडी४ दुप्पट झाले, तेवढं पुरे नव्हतं का? मोठी चाचणी कशाला?

कारण सीडी४ हा मोजायला सोपा असलेला आकडा आहे. रुग्णाला हवं असतं ते आजारी न पडणं आणि जगणं. एआरटीच्या बाबतीत या दोन गोष्टी हातात हात घालून चालतात, हे पुन्हापुन्हा दिसलं आहे. पण वेगळ्या मार्गाने वाढवलेला सीडी४ तसंच संरक्षण देईल, हे गृहीत धरता येत नाही. ते मोजावंच लागतं. एआरटी चालू असलेल्यांत टीबी, न्यूमोसिस्टिस न्यूमोनिया किंवा मृत्यू अशा घटना सुदैवाने कमी घडतात. त्यामुळे दोन गटांतला खरा फरक दिसायला हजारो माणसं आणि बरीच वर्षं लागतात. साठ माणसांच्या वर्षभराच्या चाचणीत हा प्रश्न सुटूच शकत नव्हता.

४. एस्प्रिट आणि सिल्काट या चाचण्या नेमक्या कशा केल्या?

इंटरल्युकिन-२ च्या या दोन मोठ्या चाचण्यांची मांडणी एकसारखी होती. संगणकाच्या चिठ्ठीने निम्म्या लोकांना एआरटी अधिक इंटरल्युकिन-२ आणि निम्म्यांना फक्त एआरटी. फरक होता तो लोक कोणते आणि मात्रा किती, यात.

एस्प्रिटमध्ये सीडी४ ३०० किंवा त्याहून जास्त असलेले ४,१११ जण होते. त्यांचा सुरुवातीचा मध्यक ४५७ होता. मात्रा होती ७५ लाख युनिट, कातडीखाली, दिवसातून दोनदा, सलग पाच दिवस. म्हणजे एका फेरीत दहा इंजेक्शनं आणि एकूण ७.५ कोटी युनिट. दर आठ आठवड्यांनी एक, अशा सुरुवातीला तीन फेऱ्या.

सिल्काटमध्ये प्रतिकारशक्ती जास्त खचलेले, ५० ते २९९ सीडी४ असलेले १,६९५ जण होते. त्यांचा मध्यक २०२. इथे मात्रा कमी, एका वेळी ४५ लाख युनिट, पण फेऱ्या सहा. म्हणजे सुरुवातीलाच साठ इंजेक्शनं.

त्यानंतर सीडी४ ठरलेल्या पातळीखाली आले तर जास्तीच्या फेऱ्या सुचवल्या जात. मुख्य प्रश्न दोन्हीकडे एकच: संधिसाधू आजार (प्रतिकारशक्ती खचल्यावर गाठणारे, टीबीसारखे) किंवा कोणत्याही कारणाने मृत्यू यांचं प्रमाण कमी होतं का? सीडी४ची वाढ हा मुख्य निकष ठेवला नव्हता. या चाचण्यांमधला सर्वांत शहाणपणाचा निर्णय हाच होता.

५. निकाल काय लागला?

२००९ मध्ये दोन्ही निकाल एकत्र प्रसिद्ध झाले. सात ते आठ वर्षांच्या पाठपुराव्यात औषध घेणाऱ्यांचे सीडी४ एस्प्रिटमध्ये सरासरी १५९ने आणि सिल्काटमध्ये ५३ने जास्त राहिले. म्हणजे औषधाने आकडा वाढवला, यात शंका नाही.

आजार किंवा मृत्यूचा धोका मात्र जवळपास तेवढाच राहिला. फक्त एआरटी घेणाऱ्यांचा धोका १ धरला, तर औषध घेणाऱ्यांचा सिल्काटमध्ये ०.९१ आणि एस्प्रिटमध्ये ०.९४ निघाला. हे आकडे एकपेक्षा किंचित कमी दिसतात, पण हा फरक निव्वळ योगायोगानेही येऊ शकतो इतका लहान आहे. 'सहा-नऊ टक्के फायदा झाला' असं कुणी सांगितलं तर ते चुकीचं वाचन आहे. उलट, एस्प्रिटमध्ये जिवावर बेतू शकणाऱ्या गंभीर घटना औषधाच्या गटात २३ टक्क्यांनी जास्त घडल्या आणि हा फरक योगायोगाचा नव्हता. एचआयव्हीसाठी या औषधाची वाटचाल इथेच थांबली.

६. सीडी४ वाढले, पण आजार कमी झाले नाहीत. असं कसं?

हा सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न. चाचणी करणाऱ्यांनी दोन शक्यता मांडल्या आणि दोन्ही एकाच वेळी खऱ्या असू शकतात.

पहिली, वाढलेल्या पेशी कामाच्या नव्हत्या. इंटरल्युकिन-२ मुळे संख्या वाढते ती मुख्यतः आहेत त्याच पेशी जास्त दिवस जगतात म्हणून. त्यांत सीडी२५ हा खुणेचा रेणू बाळगणाऱ्या पेशींचा भरणा असतो. त्यांचे काही गुण प्रतिकारशक्तीला आवर घालणाऱ्या पेशींसारखे असतात. टीबीच्या जंतूंशी किंवा बुरशीशी लढायला त्या पुढे येतीलच असं नाही. हजेरीपटावर नावं वाढली, पण बांधावर काम करणारे हात तेवढेच राहिले, अशी ही अवस्था.

दुसरी, थोडासा फायदा झालाही असेल, पण औषधाच्या त्रासाने तो खाऊन टाकला. इंटरल्युकिन-२ च्या फेरीनंतर रक्तातले सूज दाखवणारे आणि रक्त गोठण्याशी संबंधित घटक, म्हणजे सीआरपी आणि डी-डायमर, वाढतात. हे घटक वाढलेले असणं आणि हृदयविकार किंवा मृत्यूचा धोका यांचा संबंध एचआयव्हीमध्ये इतरत्र दिसला आहे.

यावरून एआरटीने वाढलेले सीडी४ही बिनकामाचे, असा अर्थ काढू नका. तिथे विषाणू दबलेला असतो, सूज उतरते आणि पेशी नैसर्गिक रीतीने भरून येतात. २०१५ मध्ये स्टार्ट चाचणीत सीडी४ ५०० च्या वर असलेल्या ४,६८५ लोकांमध्ये हेच तपासलं. लगेच एआरटी सुरू करणाऱ्यांत गंभीर आजार किंवा मृत्यूचा धोका थांबून सुरू करणाऱ्यांपेक्षा ५७ टक्क्यांनी कमी होता. प्रतिकारशक्ती वाढवून जीव वाचवणारं औषध हवं असेल, तर ते तुमच्या रोजच्या गोळीत आहे.

७. इंटरल्युकिन-२ घेताना त्या पाच दिवसांत काय त्रास होतो?

पहिल्या-दुसऱ्या दिवसापासून कडक फ्लू झाल्यासारखं होतं: ताप, थंडी, अंगदुखी, मळमळ, गळून गेल्यासारखा थकवा. इंजेक्शनच्या जागी लाल, दुखऱ्या गाठी येतात आणि त्या आठवडेच्या आठवडे राहू शकतात, म्हणून जागा बदलत राहावी लागते. मनःस्थिती खालावणं आणि चिडचिड हेही नोंदलेलं आहे. पूर्वी नैराश्य असलेल्यांत याकडे विशेष लक्ष द्यावं लागतं. थायरॉइड बिघडू शकतो.

सर्वांत धोक्याचा परिणाम म्हणजे केशवाहिन्या गळणं. रक्तातलं पाणी बाहेर ऊतींमध्ये झिरपतं, रक्तदाब पडतो, लघवी कमी होते, पायांवर सूज येते आणि वजन झपाट्याने वाढतं. म्हणून फेरीच्या काळात रोज वजन आणि रक्तदाब पाहणं, भरपूर पाणी पिणं आणि ताप-अंगदुखीवर पॅरासिटामॉल देणं ही पद्धत होती. बरेच जण पाच दिवस कामावर जाऊ शकत नसत. वर्षाला तीन-चार फेऱ्या म्हणजे रोजंदारीवर जगणाऱ्या माणसाला परवडणारा उपचार नव्हेच. निकाल चांगला आला असता तरी हा प्रश्न उरला असता.

८. एआरटी न घेता फक्त सीडी४ वाढवणारं औषध घेऊन गोळ्या लांबवता येतील का?

नाही. हेही तपासून झालं आहे. स्टॉलवर्ट या चाचणीत एआरटी सुरू न केलेल्या, सीडी४ ३०० च्या वर असलेल्या २६७ जणांचा समावेश होता. इंटरल्युकिन-२ घेणाऱ्यांत, न घेणाऱ्यांपेक्षा संधिसाधू आजार, मृत्यू आणि गंभीर त्रास जास्त दिसले. सीडी४ चांगले आहेत म्हणून गोळ्या मधेच थांबवण्याची कल्पना स्मार्ट चाचणीत ५,४७२ लोकांमध्ये तपासली गेली. २००६ मध्ये ती चाचणी वेळेआधीच थांबवावी लागली, कारण गोळ्या थांबवणाऱ्यांत संधिसाधू आजार किंवा मृत्यूचा धोका अडीच पटींहून जास्त निघाला.

९. एस्प्रिट आणि सिल्काटमध्ये दुसऱ्या गटाला साधं पाण्याचं इंजेक्शन का दिलं नाही? तसं न करता निकालावर विश्वास कसा ठेवायचा?

पाण्याच्या इंजेक्शनने ताप येत नाही. पहिल्याच फेरीत कोणाला काय मिळालं हे सगळ्यांना कळलं असतं आणि दुसऱ्या गटाला उगाच दहा-दहा टोचण्या बसल्या असत्या. म्हणून दुसरा मार्ग घेतला. प्रत्येक आजाराची आणि मृत्यूची कागदपत्रं एका स्वतंत्र समितीकडे जात आणि ती व्यक्ती कोणत्या गटात आहे हे समितीला सांगितलं जात नसे. शिवाय 'मृत्यू' आणि 'टीबी' हे निकष 'बरं वाटतं का' यासारखे मनावर अवलंबून नाहीत. कोणतीही चाचणी 'खुली' असेल, म्हणजे कोणाला काय मिळतं हे सगळ्यांना माहीत असेल, तर मुख्य निकष किती ठोस आहे आणि तो कोण ठरवतं, हे दोन प्रश्न विचारा.

१०. मागच्या वेळी माझे सीडी४ ५२० होते, आता ४३०. प्रतिकारशक्ती कमी झाली का?

बहुधा नाही. सीडी४ एकाच दिवसातसुद्धा हलतात. दुपारच्या सुमाराला कमी आणि संध्याकाळी जास्त असतात. सर्दी-ताप, स्टेरॉइड आणि वेगळी प्रयोगशाळा यांनीही आकडा बदलतो. साधारण ३० टक्क्यांपर्यंतचा चढउतार एका तपासणीवरून खरा बदल मानत नाहीत. शक्यतो त्याच केंद्रात, त्याच वेळेला रक्त द्या आणि ताप उतरल्यावर द्या.

गरोदरपणात रक्त पातळ झाल्यामुळे संख्या उतरते, तिथे सीडी४ची टक्केवारी जास्त विश्वासाची. प्लीहा काढलेल्यांत उलट संख्या फसवी वाढलेली दिसते. एआरटी नीट चालली आहे का, हे सांगणारी तपासणी मात्र व्हायरल लोडच, म्हणजे रक्तातल्या विषाणूचं प्रमाण.

११. व्हायरल लोड दोन वर्षं सापडत नाही, तरी सीडी४ २०० च्या आसपास अडकलेत. मला तर असं औषध हवंच ना?

तुमच्यासारख्यांसाठीच सिल्काट केली होती आणि तिथेही फायदा दिसला नाही. फार उशिरा एआरटी सुरू केलेल्यांत आणि वय जास्त असलेल्यांत असं घडतं. औषध बंद-चालू करणं किंवा एआरटीत आणखी एक औषध घालणं याने हे सुटत नाही.

करण्यासारख्या गोष्टी वेगळ्या आहेत. आधी लपलेला टीबी आणि लिम्फोमा (लसिका ग्रंथींचा कर्करोग) नाही ना, हे डॉक्टरांकडून पाहून घ्या. झिडोव्हुडिन (एआरटीतलं एक जुनं औषध) किंवा स्टेरॉइड यांसारखं पांढऱ्या पेशी कमी करणारं काही चालू आहे का, ते पाहा. दारूचं खरं प्रमाण सांगा. केंद्राने दिलेली को-ट्रायमोक्साझोलची गोळी आणि टीबी प्रतिबंधक उपचार चुकवू नका, कारण २०० च्या आसपास तुमचं प्रत्यक्ष संरक्षण त्यातच आहे. विषाणू दबलेला असताना सीडी४ कमी असणं हे, विषाणू न दबता सीडी४ कमी असण्याइतकं धोक्याचं नसतं. आकड्याच्या काळजीने गोळ्यांवरचा विश्वास उडू देऊ नका.

१२. आता मला एका चाचणीत भाग घ्यायला सांगितलं आहे. सही करण्याआधी काय पाहू?

सर्वांत आधी तिचा नोंदणी क्रमांक मागा. भारतातली औषधचाचणी पहिला माणूस घेण्याआधी भारतीय चाचणी नोंदवहीत, म्हणजे सीटीआरआयमध्ये नोंदवावी लागते. क्रमांकात सीटीआरआय ही इंग्रजी अक्षरं, वर्ष, महिना आणि अनुक्रमांक असतो. तो संकेतस्थळावर घालून पाहा: मुख्य निकष काय लिहिला आहे, किती लोक घेणार, कोण पैसे देतं.

मुख्य निकषाच्या जागी फक्त 'सीडी४मध्ये वाढ' असं असेल, तर प्रश्न ५ चा निकाल आठवा. सुरुवातीच्या टप्प्यात असा निकष चालतो, पण मग 'या औषधाने तुम्ही निरोगी राहाल' असं कुणी तुम्हाला सांगू नये.

दुसरं, नीतिसमितीची मंजुरी. समितीत किमान सात सदस्य असावे लागतात, अध्यक्ष संस्थेबाहेरचा असतो आणि निम्मे सदस्य संस्थेशी संबंध नसलेले असतात. समितीचा संपर्क संमतीपत्रावर छापलेला असला पाहिजे.

तिसरं, पैसे. चाचणीचं औषध किंवा त्यासाठीची तपासणी विकत घ्यायला सांगितली, तर तिथून उठा. ती चाचणी नव्हे, विक्री आहे.

चौथं, एआरटीचं काय होणार? गोळ्या चालू राहणार, बदलणार की थांबणार, याचं उत्तर लेखी घ्या. थांबणार असतील तर प्रश्न १८ वाचून मगच पुढे जा.

१३. संमतीच्या वेळी माझा आवाज रेकॉर्ड करणार म्हणाले. व्हिडिओही काढतील का? नाव फुटणार नाही ना?

औषधचाचण्यांच्या २०१९ च्या नियमांनुसार नवीन रेणूच्या चाचणीत दुर्बल गटातल्या लोकांच्या संमतीचं चित्रण सक्तीचं आहे. एचआयव्ही आणि कुष्ठरोगाच्या औषधांना मात्र यातून मुद्दाम सूट दिली आहे. इथे फक्त आवाज नोंदवायचा. चेहरा दिसू नये, हाच हेतू. कुणी कॅमेरा लावला तर हा नियम सांगून नकार द्या.

संमतीपत्र तुम्हाला समजणाऱ्या भाषेत हवं आणि त्याची प्रत तुमच्या हातात द्यायला हवी. वाचता येत नसेल तर संस्थेशी संबंध नसलेला साक्षीदार सोबत बसतो. एचआयव्हीविषयक २०१७ चा कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. त्यानुसार तुमच्या माहितीपूर्ण संमतीशिवाय संशोधन करता येत नाही आणि तुमची स्थिती जपून ठेवणं संस्थेवर बंधनकारक आहे. भंग झाल्यास राज्याच्या लोकपालाकडे तक्रार करता येते. नाकोची (राष्ट्रीय एड्स नियंत्रण संस्थेची) मोफत मदतवाहिनी १०९७ आहे.

१४. मधेच नको वाटलं तर? एआरटी केंद्र माझ्या गोळ्या बंद करेल का?

कोणत्याही दिवशी, कारण न सांगता बाहेर पडता येतं. एआरटी हा तुमचा वेगळा हक्क आहे, तो चाचणीशी बांधता येत नाही. फक्त निरोप न देता गायब होऊ नका. काही औषधांचा परिणाम शेवटच्या मात्रेनंतरही राहतो, म्हणून शेवटची तपासणी करून घेणं तुमच्याच हिताचं असतं.

१५. चाचणीत त्रास झाला तर खर्च कोणाचा? भरपाई मिळते का?

गंभीर घटना घडल्यावर प्रमुख संशोधकाने २४ तासांत नियामक, पुरस्कर्ता (चाचणी घडवून आणणारी कंपनी किंवा संस्था) आणि नीतिसमिती यांना कळवायचं असतं. इजा झाली तर उपचार मोफत मिळतात. ते गरज असेपर्यंत किंवा इजेचा चाचणीशी संबंध नाही असं सिद्ध होईपर्यंत, यांपैकी जे आधी असेल तोवर. संबंध सिद्ध झाला तर भरपाई वेगळी. मृत्यूच्या प्रकरणात ८ लाख रुपये ही मूळ रक्कम धरून वय आणि आधीच्या आजाराचं गांभीर्य यांनुसार आकडा ठरतो. आदेश मिळाल्यापासून ३० दिवसांत पैसे द्यावे लागतात.

एक अवघड मुद्दा: औषधाने गुण आला नाही, एवढ्यावर भरपाई मिळत नाही. मात्र आराखड्यात ठरलेला नेहमीचा उपचार उपलब्ध असूनही दिला गेला नसेल, तर मिळते. त्यामुळे प्रत्येक भेटीची चिठ्ठी आणि औषधांची पाकिटं जपून ठेवा.

१६. गुळवेल, अश्वगंधा, काढे, 'इम्युनिटी'च्या गोळ्या: यांना चाचणी लागत नाही, मग घ्यायला काय हरकत?

नैसर्गिक म्हणजे निरुपद्रवी, असं नाही. २०२१ मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने वनस्पती नेमकी ओळखली गेली नसल्याचं सांगून तो निष्कर्ष मान्य केला नाही. हा वाद बाजूला ठेवला तरी एचआयव्हीमध्ये अडचण राहतेच. एआरटी आणि टीबीची औषधं घेणाऱ्याला कावीळ झाली, की दोष कशाचा हे डॉक्टरांना शोधावं लागतं. काढा लपवला असेल तर बिचाऱ्या उपयोगी औषधावर संशय जाऊन ते बंद होतं.

औषधांची भिडंत ही दुसरी गोष्ट. लसणाच्या कॅप्सूलमुळे सॅक्विनाव्हिर या जुन्या औषधाची रक्तातली पातळी निम्म्यावर आल्याचं दिसलं होतं. फोडणीतल्या लसणाला घाबरू नका, तो अभ्यास कॅप्सूलचा होता. आणि 'एड्स बरा करतो' असं पाकिटावर लिहायला भारतात मनाईच आहे. औषध नियमावलीच्या अनुसूची 'जे' मध्ये एड्सचं नाव आहे. असा दावा दिसला तर अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करा.

१७. कॅल्शियम, लोह, झिंक या गोळ्या तरी चालतील?

चालतात, पण वेळ सांभाळा. टीएलडी या एआरटीच्या एकत्रित गोळीतलं डोल्युटेग्राव्हिर हे औषध या धातूंना चिकटतं आणि आतड्यातून शोषलं जात नाही. नियम असा: टीएलडी आधी, त्यानंतर दोन तासांनी कॅल्शियम, लोह किंवा खनिजं असलेलं मल्टिव्हिटॅमिन. हे आधी घेतलं असेल तर टीएलडी सहा तासांनी. दोन्ही एकदम घ्यायचीच असतील तर भरल्या पोटी, जेवणासोबत. आम्लपित्तावरच्या अॅल्युमिनियम-मॅग्नेशियमच्या औषधाला मात्र जेवणाची सवलत नाही, तिथे दोन आणि सहा तासांचंच अंतर पाळा. मधुमेहाचं मेटफॉर्मिन चालू असेल तर तेही सांगा. डोल्युटेग्राव्हिरमुळे त्याची पातळी वाढते, म्हणून दिवसाची मात्रा सहसा १,००० मिलिग्रॅमपुरती ठेवतात.

१८. 'कायमचं बरं करण्याच्या' चाचणीत काही आठवडे गोळ्या थांबवतात म्हणे. हे सुरक्षित आहे का?

आजच्या काही चाचण्यांत प्रतिकारशक्ती चाळवून, मग देखरेखीखाली एआरटी थांबवून विषाणू परततो का, हे पाहतात. बहुतेकांत तो दोन ते चार आठवड्यांत परततो. स्मार्टमधल्यासारखी महिनोन्महिने सुट्टी (प्रश्न ८) आणि हा प्रकार यांत फरक आहे. इथे आठवड्याला व्हायरल लोड पाहतात आणि ठरलेली मर्यादा ओलांडली की गोळ्या लगेच सुरू करतात.

जोडीदाराचं काय, हा प्रश्न मात्र लोक विसरतात. व्हायरल लोड सापडत नसताना शरीरसंबंधातून एचआयव्ही जात नाही. गोळ्या थांबल्या की हे संरक्षण संपतं. जोडीदारासाठी कंडोम आणि प्रेप (एचआयव्ही होऊ नये म्हणून आधीच घ्यायचं औषध) यांची सोय चाचणीने केली आहे का, ते विचारा.

१९. मला हिपॅटायटिस बी किंवा थायरॉइड आहे, किंवा टीबीचे उपचार चालू आहेत. चाचणीत घेतील का?

हिपॅटायटिस बी असेल तर प्रश्न १८ मधल्या चाचण्या तुमच्यासाठी नाहीत. टीएलडीतली टेनोफोव्हिर आणि लॅमिव्हुडिन ही दोन औषधं त्या विषाणूलाही दाबून ठेवतात. ती अचानक थांबली तर यकृताचा आजार उसळतो. शरीर स्वतःवरच हल्ला करतं अशा प्रकारचा थायरॉइड, संधिवात किंवा सोरायसिस असणाऱ्यांना प्रतिकारशक्ती चाळवणाऱ्या चाचण्यांत सहसा घेत नाहीत, कारण तोच आजार भडकू शकतो. भाग घेता यावा म्हणून हे लपवू नका.

टीबीचे उपचार आधी पुरे करा. रिफाम्पिसिन चालू असताना डोल्युटेग्राव्हिर ५० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा लागतं. मात्रांच्या या फेरफारात नवं प्रायोगिक औषध घालणं सहसा टाळतात.

२०. साध्या लसी घेणं म्हणजेही प्रतिकारशक्ती वाढवणंच ना?

एका ठरावीक जंतूविरुद्ध, हो, आणि त्या तपासून सिद्ध झालेल्या आहेत. न्यूमोकोकस, फ्लू आणि हिपॅटायटिस बी यांच्या लसींबद्दल केंद्रात विचारा. सीडी४ २०० च्या खाली असताना गोवर किंवा कांजिण्यांसारखी जिवंत जंतूंची लस घेऊ नका.

२१. चाचणीत मला गुण आला, तर ती संपल्यावर औषध मिळत राहील का?

आपोआप नाही. २०१९ च्या नियमांत त्याची वाट आहे, पण ती अरुंद आहे. संशोधकाने शिफारस करावी लागते, नीतिसमितीने मंजुरी द्यावी लागते, तुम्हाला फायदा झालेला असावा लागतो आणि त्या आजारावर दुसरा उपचार उपलब्ध नसावा लागतो. मग पुरस्कर्ता औषध मोफत देतो, पण पुढच्या त्रासाची जबाबदारी त्याच्यावर नाही, असं तुम्हाला लेखी मान्य करावं लागतं. एचआयव्हीमध्ये एआरटी उपलब्ध असल्याने 'दुसरा उपचार नाही' ही अट पुरी होणं कठीण. म्हणून हा प्रश्न शेवटच्या भेटीत नाही, पहिल्या भेटीत विचारा आणि उत्तर संमतीपत्रात कुठे लिहिलं आहे ते दाखवायला सांगा.